बी. ई. (कॉम्प्युटर)

हिंजवडीतल्या कुठल्याही वेब कंपनीत एक तरी बी. ई. साहेब असतातच. ओळख करून देताना त्यांची पदवी आधी येते, नाव मागून. ‘आमच्या कॉलेजात...’ असं त्यांनी सुरू केलं की समोरच्याचा चहा गार झालाच म्हणून समजा.

साहेबांना काम सांगा, ते मुळापासून सुरुवात करतात. परवा बारा शाखांची नावं अकारविल्हे लावायची होती. साहेबांनी व्हाइटबोर्ड गाठला. क्विकसॉर्ट कधी ढेपाळतो, मर्जसॉर्ट का ढेपाळत नाही, सगळं आकृत्यांसह निघालं. तोवर शेजारचा बी. कॉम. झालेला, यूट्यूबवर कोडिंग शिकलेला पोरगा जावास्क्रिप्टमधलं तयार ‘सॉर्ट’ लावून मोकळा झाला.

‘आत कुठला अल्गोरिदम चालतो, माहीत आहे का?’

‘नाही सर. पण अकोला पहिलं आलंय.’

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांची पदवी भौतिकशास्त्राची, असं कुणी काढलं की साहेबांना ऐकू येत नाही. 1995 मध्ये जावास्क्रिप्टचा पहिला नमुना दहा दिवसांत लिहिला गेला, हे मात्र ते स्वतःहून सांगतात. वर ‘तरीच!’ म्हणतात.

चार वर्षांत साहेब कंपायलर शिकले, ऑपरेटिंग सिस्टिम शिकले. पानावरचं बटण मधोमध आणायचं म्हटलं की मात्र त्यांना घाम फुटतो. काम फ्लेक्सबॉक्सच्या तीन ओळींचं. ‘सीएसएस आम्हाला सिलॅबसला नव्हतं.’

पण साहेबांना फार हसू नये. एकदा बी. कॉम.चा रिपोर्ट उघडताना ब्राउझरच गोठला. ऑर्डरी 50,000, ग्राहक 20,000 आणि प्रत्येक ऑर्डरसाठी पोरगा ग्राहकांची यादी पहिल्यापासून चाळत होता. म्हणजे 100 कोटींपर्यंत तुलना! साहेबांनी कोडवर एक नजर टाकली, ग्राहक हॅश टेबलात घातले आणि रिपोर्ट झटक्यात उघडला. बदल चार ओळींचा, व्याख्यान दोन तासांचं. पोरगा पहिल्यांदाच वही उघडून बसला होता. त्याच संध्याकाळी त्यानं साहेबांचं बटण मधोमध आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी क्लायंटचा मेल आला: ‘बटण आता छान दिसतंय.’ वेगाबद्दल चकार शब्द नाही.

तेव्हापासून साहेब जेवणाच्या सुट्टीत गुपचूप फ्लेक्सबॉक्सचे व्हिडिओ बघतात. आणि बी. कॉम.च्या टेबलावर डेटा स्ट्रक्चर्सचं जाडजूड पुस्तक आलंय. साहेबांनीच दिलंय. त्यावर कॉलेजच्या लायब्ररीचा शिक्का अजून आहे. परत करायची तारीख तेवढी खोडलेली आहे.