फिल्टर दत्तक घेणे आहे

तंजावरचं भोसल्यांचं राज्य पुरुष वारस नाही म्हणून 1855 मध्ये कायमचं गेलं. जुन्या फ्युएल इंजेक्शनवाल्या स्पोर्ट्स कारचे सुटे भागही याच न्यायाने खालसा होतात. पेट्रोल फिल्टरचा मूळ नंबर बंद, त्याच्या जागी आलेला दुसराही बंद, तिसरा जिवंत, पण जर्मनीत. तंजावरच्याच सरफोजीराजांनी तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर 1803 मध्ये कोरून घेतलेली भोसल्यांची मराठी बखर अजून वाचता येते. फिल्टरवरचं लेबल मात्र पेट्रोलच्या पहिल्याच ओघळाने पुसलं जातं.

मग उरतं दत्तकविधान. दुकानदार मोटारसायकलचा पारदर्शक प्लॅस्टिकचा फिल्टर पुढे करतो, "बसेल, सार!" बसतोही. पण अशा गाड्यांतल्या के-जेट्रॉनिक इंजेक्शनच्या नळीत दाब पाच बारच्या आसपास, आणि हा बिचारा कार्ब्युरेटरच्या घरात गुरुत्वाकर्षणावर वाढलेला. तो फुटला की पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर. इथे पत्र्याचंच नळकांडं हवं, दोन्ही टोकांचे आटे जुळायला हवेत आणि बाण इंजिनाकडे. (बाण कुठे दाखवतोय हे बघायला फिटरला सवड असेल तर.)

त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. आमच्या कोल्हापूरकडचा ऊस टाकीत उतरतो, जुन्या टाकीतला गाळ सुटा करतो, जुनं रबर फुगवतो आणि फिल्टर तुंबवतो. म्हणजे जो मिळत नाही तोच वारंवार बदलायचा. शहाणे मालक जर्मनीहून एकदम अर्धा डझन मागवतात आणि कस्टम ड्यूटी भरताना कळवळतात. चौथाई वसूल करणाऱ्यांच्या वंशजांना भरायची सवय कुठून असणार!