इंटरमीजिएट

कॅलिफोर्नियात बे एरियातल्या प्रत्येक मराठी कंपूत हा एक असतोच. वय पस्तिशीच्या पुढे, नोकरी सॉफ्टवेअरची, आणि गाडीच्या टपावर डिसेंबर ते एप्रिल स्नोबोर्डचा रॅक. (लेक टाहोला किती वेळा जातो ते विचारू नये; रॅक मात्र इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये दर रविवारी दिसतो.) "जमतं का रे स्नोबोर्डिंग?" म्हटलं की उत्तर तयार: "इंटरमीजिएट."

ही पदवी ज्याची त्यानेच घ्यायची असते. बिगिनर म्हणायची लाज वाटते आणि अ‍ॅडव्हान्स्ड म्हटलं तर लोक बघायला येतात.

तोंडी परीक्षेत मात्र हा पहिला येईल. गणपतीच्या पॉटलकला एका हातात मोदक धरून तो शिकवणी घेतो. मागून ढकललं की डावा पाय पुढे पडला तर तुम्ही रेग्युलर, उजवा पडला तर गूफी. हे ठरवण्यासाठी त्याने भल्याभल्यांना ढकलून पाहिलं आहे. एकदा तर भारतातून आलेल्या कुणाच्या तरी सासूबाईंना. (गूफी निघाल्या.) मग मागचा पाय मोकळा ठेवून सरकायला शिकायचं, कारण चेअरलिफ्टवरून उतरायचं ते तसंच. मग हील एजवर साइडस्लिप, मग फॉलिंग लीफ, मग वळणं जोडायची. सगळं अगदी बरोबर सांगतो, हेच तर दुखणं.

प्रत्यक्ष डोंगरावर गाडी अडते ती फॉलिंग लीफवर. तोंड दरीकडे, भार टाचांवर, बोर्ड उताराला आडवा. थोडं डावीकडे घसरायचं, थोडं उजवीकडे. पायरी चांगली आहे, पण ओलांडायची. याने तिथेच बिऱ्हाड मांडलं, कारण पुढे टो एज आहे. तिथे पाठ दरीकडे करावी लागते, गुडघे वाकवून नडग्या बुटाच्या जिभेवर रेलाव्या लागतात आणि जायचंय तिकडे खांद्यावरून बघावं लागतं. त्याआधी क्षणभर बोर्डचं नाक सरळ उताराकडे सोडून द्यायचं असतं. स्टॉप-लॉस लावल्याशिवाय शेअर न घेणाऱ्या माणसाला तो क्षण कसा झेपावा? तो घाबरून मागे रेलतो, उताराकडची कड बर्फात रुतते आणि 'आई' एवढंच तोंडातून निघतं. 'गं' उठल्यावर.

तरी संध्याकाळी ग्रुपवर फोटो येतो: "ब्लू रन केला!" अमेरिकेत हिरवं वर्तुळ म्हणजे सोपी वाट, निळा चौकोन म्हणजे मधली आणि काळा हिरा म्हणजे अवघड. ब्लू हा उतरला हे खरं. पण वरपासून खालपर्यंत आडवा घसरत, मागच्यांसाठीचा मऊ बर्फ खरवडत. जिन्यावरून गडगडत आलेला माणूसही जिना उतरतोच.

कारणं विचाराल तर सिएरा सिमेंट. टाहोच्या ओल्या, जड बर्फाला तिथले लोकच तसं म्हणतात, त्यामुळे वाद घालता येत नाही. "युटाच्या पावडरमध्ये बघ मला!" युटातल्या अल्टा आणि डिअर व्हॅलीत स्नोबोर्डला आजही मज्जाव आहे, हे मी त्याला सांगितलेलं नाही. लगेच म्हणेल, तिथलंच बुकिंग करणार होतो. बोर्डही सेलमध्ये घेतलेला, कार्व्हिंग करणाऱ्यांचा, ताठ. शिकणाऱ्याला मऊ, लवचीक बोर्ड हवा. पण शिकणारा आहे कोण इथे?

"एखादा लेसन घे की," बायको म्हणते.

"लेसन बिगिनर्स घेतात."

लेकीने घेतले. ती आता उलटा पाय पुढे करून, म्हणजे स्विच, उतरते आणि खाली हॉट चॉकलेट पीत याची वाट बघते. "बाबा, पायाकडे नको बघू. जायचंय तिकडे बघ!" शिक्षकाचं हे पहिल्या दिवसाचं वाक्य. हा तेच लोकांना पॉटलकला सांगतो.

यंदा पुण्याहून नवा आलेला एक मुलगा त्याच्या तावडीत सापडला आहे. शनिवारी पहाटे चारला निघायचं ठरलंय. मनगटाचे गार्ड आणि हेल्मेट घे असं बजावून झालं, आणि त्या बाबतीत त्याचं ऐकावं. मुलाने भीत भीत लेसनच्या फीचं विचारलं.

"वेडा आहेस का? मी आहे ना! तू फक्त पोळी-भाजीचं बघ."