निळा रंग सरला काय जी?

शाळकरी पोराला नदी काढायला सांगा. दोन त्रिकोणी डोंगर, खिंडीतून डोकावणारा सूर्य, तिथूनच निघालेली निळीशार नदी, काठावर कौलारू घर आणि नारळाचं झाड. गडचिरोलीतलं पोरगंही हेच काढतं. दाराशी मोह उभा असतो, कागदावर मात्र नारळ.

याच नारळाच्या जोरावर चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षा पार केलेले एक गुरुजी निवृत्तीनंतर पण करतात, की आता खरी नदी रंगवायची. तैलरंगात, जशी दिसते तशी. महाशिवरात्रीची जत्रा पांगली की ते मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी ईझल रोवतात. इथे नदी उत्तरेकडे वळते, म्हणून स्थानाचं माहात्म्य मोठं.

पहिली पंचाईत अशी, की नदीत पाणी थोडं आणि रेतीच फार. पांढरा आणि यलो ऑकर भराभर संपतात, निळ्याची ट्यूब पोट फुगवून तशीच पडून. मागे बकऱ्या राखणारे आजोबा बराच वेळ पाहतात आणि कळवळून विचारतात, "गुरुजी, निळा रंग सरला काय जी?"

आता आजोबांना कसं सांगावं, की पाण्याला स्वतःचा असा रंग इथे जवळपास नाहीच! पायाशी वाकून पाहिलं तर तळाची रेती दिसते. नजर तिरपी करून पैलतीराकडे पाहिलं, की तेच पाणी आरसा होतं आणि आभाळ दाखवतं. त्या आरशातही खोट असते. काठावरच्या गर्द झाडाचं प्रतिबिंब झाडापेक्षा जरा उजळ पडतं, पांढऱ्या धोतराचं जरा मळकट. गुरुजी हे सगळं इमानाने रंगवतात. आजोबांना ते चित्र अर्धवट वाटतं.

दुसरी पंचाईत तेलाची. तैलरंगातलं तेल म्हणजे आपलं जवसाचंच. पूर्व विदर्भात एके काळी त्यात भाज्या फोडणीला पडत. ते पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन सावकाश घट्ट होतं. पातळ थराला काही दिवस लागतात, जाड थराला महिने. म्हणून खाली टर्पेंटाइनने पातळ केलेला हात द्यायचा आणि वर तेलकट. उलट केलं की भेगा. गुरुजींनी काटकसर म्हणून घाण्यावरचं तेल आणलं. चित्र पिवळट पडलं, आठवडाभर चिकट राहिलं आणि घरात सगळ्यांना भूक लागू लागली.

ट्यूबचा मात्र त्यांना अभिमान. 1841 साली जॉन रँड या अमेरिकी चित्रकाराने पत्र्याची ट्यूब काढली. त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. तसली पिशवी घेऊन मार्कंडेश्वराच्या दारी बसायची गुरुजींची छाती झाली नसती.

शिवाय ही नदी मॉडेल म्हणून बिनभरवशाची. वर गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले, की कालचं बेट आज पाण्याखाली. खाली चपराळ्याजवळ वर्धेला भेटली, की बाई नावच बदलते: प्राणहिता.

दुपारी वावटळ उठते आणि ओल्या चित्रावर मूठभर रेती चिकटते. गुरुजी डगमगत नाहीत. क्लोद मोनेने 1870 साली त्रूव्हिलच्या समुद्रकाठी रंगवलेल्या चित्रातही वाळूचे कण अडकलेत, ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. याहून वास्तववादी काय हवं? गुरुजी आपलं चित्र पाठीला बांधतात, लुना सुरू करतात.

आजोबा कॅनव्हासवर बोट फिरवतात. बोटाला चिकटलेले कण निरखून पाहतात.

"रेती नेता होय गुरुजी? रॉयल्टी भरली काय जी?"