सेजब्रश ओळखावे कसे? (फक्त नवशिक्यांसाठी)

सर्वप्रथम गाडीचा टायर पंक्चर व्हायला हवा. त्याशिवाय वायोमिंगमध्ये कुणी मराठी माणूस झुडपापाशी थांबल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ग्रँड टीटन आणि यलोस्टोनला आपण जातो ते बायसन, अस्वल आणि गरम पाण्याचे फवारे बघायला. मधल्या शेकडो मैलांत खिडकीबाहेर जे राखाडी पसरलेलं असतं, त्याला आपण ‘काही नाही’ म्हणतो. मेहुण्याची गाडी नेमकी त्या ‘काही नाही’मध्ये बसली, म्हणून हे मार्गदर्शन तुमच्या हाती पडतं आहे.

आता खाली उतरा. गुडघ्यापासून छातीपर्यंत उंचीची, वर्षभर कुणी पाणी घातलेलं नाही अशा चेहऱ्याची झुडपं दिसतील. खोड पिळवटलेलं, साल काथ्यासारखी सुटलेली. हेच सेजब्रश, आर्टेमिसिया ट्रायडेंटाटा. स्वयंपाकघरातल्या ‘सेज’शी याचा संबंध नाही, तो तुळशीच्या कुळातला. हे मात्र सूर्यफुलाच्या कुळातलं, म्हणजे झेंडू-शेवंतीचं भाऊबंद.

एवढं ऐकलं की नवशिका फूल शोधायला लागतो, आणि फसतो. सप्टेंबर होता. वीस पावलांवर एक झुडूप पिवळ्याधमक फुलांनी लदबदलेलं होतं. मी त्याचे सतरा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले, खाली ठसक्यात लिहिलं, ‘सेजब्रश’. मेहुण्याने जॅक लावता लावता मान वळवली आणि म्हणाला, ‘दाजी, तो रॅबिटब्रश.’ कूळ सूर्यफुलाचंच असल्यामुळे अगदीच अब्रू गेली नाही, इतकंच.

खऱ्या सेजब्रशलाही तेव्हा फुलं होती. मी त्यांनाच टेकून उभा होतो. झेंडूचं एक ‘फूल’ म्हणजे खरं तर बारीक बारीक फुलांचं संमेलन असतं, हे शाळेत शिकवलेलं आठवत असेल. सेजब्रशच्या संमेलनाला चार-सहा जणच येतात, तेही पाकळ्यांचा फेटा न बांधता. अख्खा गुच्छ ज्वारीच्या दाण्याहून लहान. परागकण वारा नेतो, मग मधमाश्यांसाठी नटायचं कशाला? नेवाडा राज्याने १९१७ साली याला राज्यफुलाचा मान दिला. दुर्बिणीशिवाय दिसत नाही असं राज्यफूल निवडणाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

तेव्हा फूल सोडा, पान धरा. धरा म्हणजे तोडू नका, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पान तोडणं गुन्हा आहे. नुसतं जवळून बघा. करंगळीच्या पेराएवढं पान, देठाकडे निमुळतं, टोकाकडे रुंद, आणि टोकाला तीन बोथट दात. दोन्ही बाजूंना इतकी बारीक पांढरी लव की हिरवा रंग खाली दबून जातो. ट्रायडेंटाटा म्हणजे त्रिदंती. झालं, ओळखलं!

नाही झालं. शेजारीच बिटरब्रश उभा असतो. त्याच्याही पानाला तीन दात. नावातही तेच, पर्शिया ट्रायडेंटाटा. कूळ मात्र गुलाबाचं. त्याचं पान वरून हिरवं, कडा खाली मुडपलेल्या. नावं ठेवणाऱ्यांनी नवशिक्यांचा एवढा सूड का उगवला, कळत नाही.

म्हणून शेवटी नाकच खरं. फांदीवरचं पान हलकेच चोळा आणि बोटं हुंगा. बिटरब्रश गप्प बसतो. सेजब्रश थेट डोक्यात जातो: कापूर, कडवटपणा आणि त्याच्या मागून... मी कोल्हापूरचा. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालखोबऱ्यात मिसळलेला दवणा लहानपणापासून नाकात बसलेला. त्या रखरखीत माळावर मी बोटं हुंगली आणि तोंडातून ‘चांगभलं’ निघून गेलं. दवणा आर्टेमिसियाच. दवण्याचा वास गोड, याचा खरखरीत; पण आवाज ओळखीचा.

आता पुढची इयत्ता. सेजब्रशचे मुख्य तीन पोटप्रकार आहेत: खोल मातीतला उंच, कोरड्या माळावरचा ठेंगणा, आणि बर्फाच्या मुलखातला डोंगरी. डोंगरी झुडपाचा माथा न्हाव्याने सपाट कापल्यासारखा असतो आणि फुलांचे तुरे त्याच्या वर एका उंचीवर उभे राहतात. हे पुस्तकात. प्रत्यक्षात हरणांनी तोंड लावलेलं असतं, आणि प्रत्येक झुडपाचा न्हावी वेगळा वाटतो.

यावर उपाय आहे, आणि तो फार आवडण्यासारखा आहे. आपल्याकडे दुकानदार नोटा तपासायला वापरतात तसला जांभळा दिवा आणा. मेहुणा राहतो त्या बॉयसी शहरात, त्याच्या अंगणात लावलेल्या झुडपाची चार पानं घेतली, त्याच्या सहकाऱ्याच्या सहा हजार फुटांवरच्या लाकडी घरापासून, विचारून, आणखी चार. दोन काचेच्या पेल्यांत पाणी, त्यात पानं चुरडली. स्वयंपाकघरातले दिवे घालवले आणि जांभळा दिवा पेल्यांवर धरला. अंगणातला पेला तसाच काळा राहिला. दुसऱ्या पेल्यातलं पाणी निळसर उजळलं, जणू तळाशी कुणी मोबाइल विसरलं आहे. डोंगरी पानातल्या कूमरिन नावाच्या द्रव्यांची ही करामत. आम्ही चौघं त्या पेल्याभोवती बराच वेळ उभे होतो. बायको म्हणाली, ‘अहो, आता दिवा लावा, पोळ्या करायच्यात.’

महत्त्वाची सूचना: पेल्यांवर चिठ्ठी लावा. आमच्याकडे लावली नव्हती, आणि सकाळी मेहुण्याने एक पेला काढा समजून तोंडाला लावला. सेज ग्राउस नावाचा पक्षी हिवाळाभर जवळपास हीच पानं खाऊन राहतो. मेहुणा एका घोटात थांबला.

उरलेल्या पानांचं काय केलं, हे मला आठवत नव्हतं. आठवड्याने बायकोने कपाट उघडलं आणि विचारलं, ‘इथे दवणा कुणी ठेवला?’ मी स्वेटरच्या खिशात हात घातला. भुगा झाला होता; दात मोजता आले नाहीत.