नेट गेले असता करावयाचे उपाय

नेट गेल्यावर पहिलं कर्तव्य म्हणजे ते गेल्याचं मोठ्याने जाहीर करणं. घरात ज्याची मीटिंग चालू असेल त्याने हे काम करावं, कारण त्याचा आवाज आधीच चढलेला असतो. आरोळी उठताच प्रत्येक खोलीतून जबाब येऊ लागतील. ते नीट ऐकून घ्यावेत. सबंध तपासातला सर्वांत उपयोगी भाग हाच, आणि नेमका तोच आपण आरडाओरड्यात वाया घालवतो. एकाच लॅपटॉपचं गेलं असेल तर संशय लॅपटॉपवर. एकाच खोलीतलं गेलं असेल तर भिंतीवर. सगळ्यांचं गेलं असेल तर राउटरवर आणि त्याच्या पलीकडच्या जगावर. मात्र स्वयंपाकघरातून ‘माझं तर छान चालतंय’ असा जबाब आला, तर त्यावर विसंबू नये. वायफाय ढेपाळलं की फोन कुणालाही न विचारता मोबाइल डेटावर जाऊन बसतो. साक्षीदार खोटं बोलत नसतो. त्याला स्वतःलाच पत्ता नसतो.

एव्हाना घरातलं सर्वांत तरुण माणूस काहीही न बोलता उठतं आणि राउटरचं बटण बंद करतं. या विधीचीही एक पद्धत आहे. बंद केल्यावर निदान दहा सेकंद थांबावं, म्हणजे आतली उरलीसुरली वीज उतरते. फायबरचा बॉक्स आणि राउटर वेगवेगळे असतील तर आधी बॉक्स चालू करावा, त्याचे दिवे स्थिर झाले की मग राउटर. या काळात ‘आलं का?’ असं विचारणाऱ्यांना उत्तर देऊ नये.

बटण दाबल्यावर नेट पुष्कळदा येतं. भरलेली मेमरी रिकामी होते, नवा आयपी पत्ता मिळतो, राउटर कमी गर्दीचा चॅनल शोधतो. आणि म्हणूनच मी या उपायाच्या विरोधात आहे. रोज संध्याकाळी बटण दाबून जे घर सुखाने नांदतं, तिथला खरा बिघाड वर्षानुवर्षं कुणी शोधतच नाही. राउटरच्या मागे एक बारीक भोकही असतं. त्यात टाचणी घालण्याचा मोह अनावर होतो. घालू नये. तो रीसेट आहे. त्याने केबलवाल्याने भरलेलं युजरनेम आणि पासवर्ड पुसले जातात, आणि ते ज्या कागदावर लिहून दिले होते तो कागद रद्दीत गेलेला असतो.

आता राउटरची जागा. बहुतेक घरांत तो मुख्य दारापासून हाताच्या अंतरावर असतो. यामागे वास्तुशास्त्र नाही. भोक पाडणाऱ्या मुलाने ड्रिल तिथे टेकवलं आणि त्याची वायर तिथे संपली, एवढंच. पुढे गृहिणीला ते काळं यंत्र दिवाणखान्यात बरं दिसेना, म्हणून ते टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर किंवा बुटांच्या रॅकमध्ये गेलं. काही घरांत त्यावर क्रोशाचं आच्छादनही असतं. दोऱ्याचं वायफायला काही वाटत नाही, राउटरला मात्र उकडतं. लोखंड, आरसा, माशांची टाकी आणि सळयांची भिंत यांचं वायफायला फार वाटतं. त्यातही ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान पण नाजूक. दोन भिंती ओलांडताना दमते. २.४ गिगाहर्ट्झची लांब जाते, पण तिथे एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि सोसायटीतल्या प्रत्येक घराला त्यातच बसायचं असतं. शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण त्याच लहरीवर चालतो. तेव्हा मीटिंगमध्ये आपला आवाज तुटायला लागला, की पलीकडच्यांना ‘नेट वीक आहे’ असं न सांगता ‘घरात काल रात्रीचा भात गरम होतोय’ असं प्रामाणिकपणे सांगावं.

जागा बदलूनही फरक पडत नसेल तर स्पीड टेस्टकडे वळावं. ही परीक्षा विद्यार्थी, परीक्षक आणि शाळा एकाच घरातले असताना घेतली जाते. टेस्ट आपोआप जवळचा सर्व्हर निवडते आणि तो बऱ्याचदा कंपनीच्याच जाळ्यात असतो. त्यामुळे आकडा ९५ येतो आणि सिनेमा फिरत्या चक्रावरच अडतो. टेस्ट लॅपटॉपला वायर लावून करावी, आणि शक्य तर दूरच्या शहरातला सर्व्हर निवडून. दुसरं, १०० एमबीपीएसच्या योजनेत १०० एमबीची फाइल एका सेकंदात का येत नाही, म्हणून भांडू नये. कंपनी बिट मोजते, फाइल बाइटमध्ये असते, आणि एका बाइटचे आठ बिट. १०० ला ८ ने भागलं की साडेबारा. ही कंपनीची लबाडी नाही, जुना प्रघात आहे. पण जाहिरातीत भागाकार करून दाखवण्याइतकी हौसही कुणाला नाही.

सरकारचा धीर हवा असेल तर तोही आहे. २००४ च्या धोरणाप्रमाणे २५६ केबीपीएस मिळालं की ते ब्रॉडबँड. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस. म्हणजे १०० चे पैसे भरून ३ मिळत असतील, तरी तुमच्या घरी ब्रॉडबँड आहे हे कुणीही नाकारू शकत नाही.

रात्री साडेआठनंतरच नेट मंदावत असेल तर मात्र घरातली झडती थांबवावी. घरोघरी आलेल्या फायबरमध्ये एकच धागा स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला असतो. सगळ्यांना मिळून साधारण अडीच गिगाबिट उतरतात, सव्वा चढतात. एरवी हे पुरून उरतं. कंपनीने त्यापुढची वाट अरुंद ठेवली असेल तर क्रिकेटच्या सामन्याच्या रात्री कळतं. घरात नुकतंच लग्न झालं असेल तर आणखी एक शक्यता. कुणाचा तरी फोन गुपचूप चार हजार फोटो क्लाउडवर चढवत असतो. चढणीची वाट तुंबली की उतरणीचीही अडते, कारण आलेल्या प्रत्येक तुकड्याची पोच परत पाठवावी लागते. अशा वेळी केबलवाल्याला नव्हे, नवऱ्या मुलाच्या मावशीला फोन करावा.

बिघाड घरात की बाहेर, हे ठरवायला पिंग नावाची एक आज्ञा आहे. ती लॅपटॉपवर काळ्या खिडकीत टाइप करतात. आधी राउटरच्या पत्त्याला, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ ला, मग ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला. राउटर चटचट उत्तर देतो आणि बाहेरचा पत्ता चाचरतो, तर घर निर्दोष. बाहेरचा आकडी पत्ता उत्तर देतो पण एकही वेबसाइट उघडत नाही, तर डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी सेवा, बदलावं. या एका आज्ञेने घरातलं अर्धं भांडण मिटतं, म्हणून ती फारशी कुणी वापरत नाही.

आणि एके दिवशी फायबरच्या बॉक्सवर लाल दिवा लुकलुकू लागतो. त्याच्यापाशी एलओएस अशी अक्षरं असतात. प्रकाश पोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आता राउटरला हात लावण्यात काही हशील नाही. पोचणारा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा ‘येतोय का बघू’ म्हणून वायरीच्या टोकाला डोळा लावू नये. हे वाक्य विनोदी लेखातलं असलं तरी पाळावं.

गच्चीवर जावं. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या गच्चीवर काळ्या वायरींचा जो पसारा दिसतो, त्यातली एक आपली असते. कुठली, हे फक्त केबलवाल्याच्या मुलाला माहीत असतं आणि तो मागच्या महिन्यात नोकरी सोडून गेलेला असतो. फायबर म्हणजे काच. ती सौम्यपणे वळते, पण कोपऱ्यात दाबून वळवली की प्रकाश वळणावरच गळतो. आपल्याकडे ती पावसाच्या पाइपला सुतळीने बांधतात, एसीच्या बाहेरच्या यंत्राभोवती गुंडाळतात, आणि उरलेल्या दहा मीटरचं घट्ट वेटोळं करून त्यावर आणखी एक गाठ मारतात. मे महिन्यात वॉटरप्रूफिंगवाले येतात, दिवाळीआधी रंगारी झुला सोडतात, उंदरांना वायरीचं आवरण बारा महिने आवडतं. गणपतीत उंच देखावा रस्त्यातून जायचा असतो आणि खांबावरून खांबावर लोंबणाऱ्या वायरी आड येतात. बाप्पा थांबत नाहीत, वायरी थांबतात. उरलेलं काम जेसीबी करतो. खोदण्याआधी जमिनीखाली कुणाच्या वाहिन्या आहेत ते कळावं म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप काढलं. ते उघडायलाही नेट लागतं.

या टप्प्यावर सोसायटीतले एखादे काका समुद्राखालच्या केबलचा विषय काढतील. ते पूर्ण चुकीचे नसतात. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या, सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात, आणि दोन्ही वेळा भारतातलं नेट मंदावलं. पण तेव्हा मंदावतं ते परदेशाकडे जाणारं नेट. तुमच्या बॉक्सवर लाल दिवा लागत नाही. काकांना मान द्यावा, आणि विजेरी धरायला बरोबर न्यावं.

आता फोन. ग्राहक सेवेतून पहिला प्रश्न येईल, ‘सर, राउटर रीस्टार्ट करून पाहिलंत का?’ लगेच ‘हो’ म्हणावं, नाहीतर संभाषण तिथेच संपतं. मग शांतपणे विचारावं, ‘माझ्या बॉक्सची ऑप्टिकल पॉवर किती दिसतेय?’ बॉक्स चालू असेल तर हा आकडा त्यांच्या पडद्यावर दिसू शकतो. उणे वीसच्या आसपास असेल तर ठीक. उणे सत्तावीसच्याही खाली गेला असेल तर वायर कुठेतरी मार खातेय. हा प्रश्न ऐकल्यावर पलीकडचा आवाज एकदम अदबीने बोलू लागतो. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नये. तक्रार मिटली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथे पहिला प्रश्न त्या क्रमांकाचाच असतो. थेट ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, पत्र लिहिण्याची हौस काहींना असते. ट्राय एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही. पत्र कंपनीकडेच धाडलं जातं, आणि तुम्हाला पुन्हा विचारणा होते, ‘सर, राउटर रीस्टार्ट करून पाहिलंत का?’

खरं काम होतं ते लाइनमनच्या फोनवर. त्याच्याशी बोलण्याआधी खालच्या मजल्यावर नेट चालू आहे का, हे विचारून यावं.

‘दादा, लाल लाइट आहे.’

‘एरियाच डाउन आहे काका. वरूनच गेलंय.’

‘खालच्या मजल्यावर तुमचंच कनेक्शन आहे, ते चालू आहे.’

थोडी शांतता.

‘बरं. जेवण करून येतो.’

तो आल्यावर चहा विचारावा, पण आधी नाही, काम सुरू झाल्यावर. तो खिशातून पॉवर मीटर काढेल, आकडा बघून कनेक्टर कापेल, नवा लावेल, आणि ‘वायर आतून तुटलीय’ म्हणत सोफा सरकवेल. सोफ्याच्या पायाखाली ती सापडेल. त्या क्षणी सोफा कुणी हलवला होता हे विचारू नये. त्याची चौकशी लाइनमन गेल्यावर स्वतंत्रपणे होते.

एवढं होऊनही महिन्याला दोनदा नेट जात असेल, तर दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन जादाचं म्हणून घेऊन ठेवण्याचा सल्ला सगळे देतात. घ्यावं, पण नवी वायर कुठल्या खांबावरून, कुठल्या बाजूने येणार ते आधी विचारावं. दोन्ही वायरी एकाच वाटेने येत असतील तर एकच जेसीबी दोघींना पुरतो. नव्या कंपनीचा मुलगा गच्चीवर जाऊन पाहणी करतो आणि खुशीत खाली येतो. खर्च वाचला काका, म्हणतो, आधीच्या वायरीलाच बांधून खाली सोडतो.