बोहारणीची फेअर मार्केट व्हॅल्यू

मराठी मध्यमवर्गीय घरात कपडा निवृत्त होत नाही, त्याची फक्त बदली होते. ऑफिसचा शर्ट घरी घालायला, तिथून होळीला, मग बाह्या कापून फरशीला आणि शेवटी स्कूटर पुसायला. या वळणाचा माणूस न्यू जर्सीत स्थिरावून जुने कपडे 'डोनेट' करू लागतो, तेव्हा अडचण दानतीची नसते, मालाची असते. कपडा 'वापरलेला पण चांगल्या स्थितीतला' असेल तरच करात वजावट, असा अमेरिकी कायदा 2006 साली झाला. चांगल्या स्थितीतला कपडा द्यायचा कशाला, हे मात्र कायद्यात कुठे लिहिलेलं नाही.

दिलेल्या वस्तूची किंमत दात्यानेच ठरवायची. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत ही आपली शिकवण. इथे दाताच दात मोजून आकडा लिहून ठेवतो. हा आकडा म्हणजे 'फेअर मार्केट व्हॅल्यू': घेणारा राजी, देणारा राजी, जबरदस्ती कुणावर नाही, आणि मालाची पुरेशी माहिती दोघांना. ही व्याख्या वाचली आणि मला आमच्या वाड्यावर येणारी बोहारीण आठवली. ती साडी उजेडात धरून विरलेली जागा अचूक हेरायची आणि चार साड्या, दोन पँटींवर एक पातेलं काढायची. आई म्हणायची, "अगं, झाकण तरी टाक!" 5000 डॉलरच्या वरच्या वस्तूंना अमेरिकेत अधिकृत मूल्यमापक लागतो. बोहारणीच्या हाताखाली त्याने सहा महिने उमेदवारी करावी.

पण इथे तिचा व्यवहार बसत नाही. 250 डॉलर किंवा त्याहून मोठ्या दानाच्या पावतीवर संस्थेला लिहून द्यावं लागतं, की बदल्यात आम्ही काही दिलं की नाही. पातेलं घेतलं, की तेवढं दान घटलं.

संस्थेच्या किंमतपत्रकात शर्ट, कोट, स्वेटर सगळे होते, साडी नव्हती. सहा वार कापड कुठल्या रकान्यात घालायचं? मी बायकोला 'पडदे' सुचवलं. त्या रात्रीचा स्वयंपाक मी केला.

धीर दिला तो बिल क्लिंटन यांनी. अर्कान्सासचे गव्हर्नर असताना त्यांनी दान केलेल्या वापरलेल्या अंडरवेअरला नगाला 2 डॉलर लावले होते. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि ही यादी वर्तमानपत्रांत गाजली. उलट तुम्ही रक्त दिलंत, वेळ दिलात, तर त्याची वजावट शून्य. सेवेला जाताना गाडी चालवलीत तर मैलाला 14 सेंट. हा दर 1998 पासून तसाच आहे. पेट्रोलने काय केलं ते त्याला कुणी कळवलेलं दिसत नाही.

पुण्याच्या मेहुण्याला हे फोनवर सांगितलं. तो सीए. "आमच्याकडे दानाची 80जी वजावट फक्त पैशाला," तो म्हणाला. "वस्तूला काही नाही. रोख दिलेत तर 2000 च्या वर नाही. नव्या करप्रणालीत तर तेही नाही. पूरग्रस्तांना कोरी चादर दिली तरी सरकार मोजत नाही. तुमचं बरंय, तुमच्या चड्डीलाही भाव आहे!"

अभिमानाने सगळी बेरीज केली. एकूण 500 डॉलरच्या वर गेलं म्हणून 8283 क्रमांकाचा फॉर्मही भरला. मग संगणकाने विचारलं, की वजावटी एकेक करून घेणार, की सरसकट? 2025 साठी नवराबायकोला मिळून सरसकट 31,500 डॉलर. गृहकर्ज फिटलेल्या आमच्यासारख्यांचे कपडे, साड्या, मैल सगळे धरूनही बेरीज त्याच्या जवळपास फिरकत नव्हती. म्हणजे यादी केली काय, न केली काय, कर तेवढाच.

"फुकट गेलं सगळं," मी म्हणालो.

"फुकट कसलं? बदल्यात काहीच मिळालं नाही, म्हणजे एकदाचं खरं दान झालं," बायको म्हणाली. आणि पुण्य वाढवण्यासाठी तिने माझ्या कपाटातले घालायचे शर्ट पिशवीत भरायला घेतले. ते मात्र कायद्याला हव्या त्याच स्थितीत होते.