भाचा असेल तरच उतरा

सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर उतरणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधी एवढंच पाहावं, की परुळे ते कुडाळ या टापूत आपला एखादा भाचा आहे का आणि त्याच्याकडे गाडी आहे का. नसेल तर आपली रेल्वे बरी.

विमानतळाचं भूमिपूजन 2009 मध्ये झालं. 2018 मध्ये, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, चाचणीचं विमान गणपतीची मूर्ती घेऊन उतरलं. माणसांची पाळी 9 ऑक्टोबर 2021 रोजी आली. देवाला न्यायला माणसं धावतात. आपण भाच्याला फोन करायचा.

धावपट्टी अडीच किलोमीटरची आहे, तिला नावं ठेवणार नाही. पण ती संपते, आणि तिथून भाचा सुरू होतो. कुडाळ स्टेशन वीस-पंचवीस किलोमीटरवर. मालवण कर्लीच्या खाडीपलीकडे, म्हणजे खिडकीतून हाकेवर दिसलेलं देवबाग गाठायला नेरूरपारच्या पुलाचा वळसा. भाचा बिचारा कलमांची फवारणी अर्धी टाकून विमानतळाच्या सड्यावर येतो. विमानाला उशीर झाला की मामाला मेसेज येतो, भाच्याला नाही. पावसाने विमान रद्द झालं तर मामाला पैसे परत. भाच्याच्या पेट्रोलचं कोण बघणार? तरी तो फोनवर म्हणतो, "मामानू, थंयच उभे रवा, इलंय मी." या एका वाक्यावर जिल्ह्याची हवाई वाहतूक चालली आहे! मग त्याला रीतसर गणवेश द्या, बिल्ला द्या, आराखड्यात 'बहुपर्यायी जोडणी' या सदराखाली लिहा : भाचा (दुचाकी), भाचा (चारचाकी), आणि भाचा कामात असल्यास भाचेजावई.

मुंबई-गोवा महामार्ग 2011 पासून रुंद होतो आहे. त्यावर हाडं खिळखिळी झालेल्या चाकरमान्याला सांगितलं, विमान आहे ना! तेही कधी सुरू, कधी बंद. आणि मिळालंच, तर उतरल्यावर पुन्हा रस्ताच लागतो, हे सड्यावर गुरं राखणाऱ्या पोराला कळतं. फीत कापायला जमलेल्यांना कळलं नाही, कारण त्यांच्या गाड्या दारात उभ्या होत्या. एक एसटी विमानाच्या वेळेला लावायला कुठलं भूमिपूजन लागतं?

सावंतवाडीकडच्यांना निदान गोव्यातला मोपा विमानतळ आहे. आमच्या भाच्याला मात्र पनवेलला नोकरी लागली. परवा गेला, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने.